‘मु. पो.’ केव्हा लिहावे आणि केव्हा लिहू नये?

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : आमचे गाव निफाड तालुक्यात आहे. गावात डाकघर नाही. टपाल शेजारच्या मोठ्या गावातील डाकघरातून येते. पुतणीच्या लग्नपत्रिकेत आम्ही ‘मु. पो.’ लिहून पुढे आमच्या गावाचे नाव छापले, तेव्हा घरातील एका ज्येष्ठांनी हरकत घेतली. ‘मु.’ वेगळा आणि ‘पो.’ वेगळा लिहायला हवा होता, असे त्यांचे म्हणणे आहे. गावात मात्र सगळेच सरसकट ‘मु. पो.’ लिहितात आणि पत्रेही येतात. योग्य काय?
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : आपल्या ज्येष्ठांचे म्हणणे बरोबर आहे. ‘मु. पो.’ ही अक्षरे नेहमी जोडीने दिसतात म्हणून ते एकच लघुरूप आहे असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात ती दोन लघुरूपे आहेत आणि दोघांचे काम वेगळे आहे. ‘मु.’ म्हणजे मुक्काम, म्हणजे ज्याला पत्र लिहिले तो माणूस जिथे राहतो ते गाव, वाडी किंवा वस्ती. ‘पो.’ म्हणजे पोस्ट, म्हणजे त्या गावाचे टपाल ज्या डाकघरातून वाटले जाते ते डाकघर. ज्या गावात स्वतःचे डाकघर आहे, त्या गावाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टींचे उत्तर एकाच नावात मिळते आणि तेच नाव दोनदा लिहिण्याऐवजी ‘मु. पो. सिन्नर’ असे एकत्र लिहिण्याची सोय झाली. जिथे गाव एक आणि डाकघर दुसऱ्या गावी, तिथे ही सोय लागू पडत नाही. अशा वेळी पत्ता ‘मु. अमुकवाडी, पो. कसबे सुकेणे, ता. निफाड, जि. नाशिक’ अशा रीतीने लिहावा. यातील ‘अमुकवाडी’च्या जागी आपल्या गावाचे आणि ‘पो.’पुढे आपले टपाल ज्या डाकघरातून येते त्याचे नाव घालावे.

हा भेद केवळ शुद्धलेखनाच्या हौसेचा नाही, हे टपाल कसे पोचते ते पाहिले की लक्षात येते. आपल्याकडे मोठ्या गावी उपडाकघर असते आणि त्याच्या हाताखाली आसपासच्या खेड्यांतील शाखा डाकघरे असतात. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेला सहा अंकी पिनकोड, जो श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातील मराठी अधिकाऱ्याने आखला, तो पत्राला उपडाकघरापर्यंत आणून सोडतो, कारण उपडाकघर आणि त्याची सगळी शाखा डाकघरे यांचा पिनकोड एकच असतो. पुढचा रस्ता अंकांत नसतो. उपडाकघरात पत्रांचा गठ्ठा सुटतो, तेव्हा छाननी करणारा कर्मचारी प्रत्येक पत्रावरचा ‘पो.’ वाचतो आणि त्या त्या शाखा डाकघराच्या पिशवीत ते पत्र टाकतो. शाखा डाकघरात पिशवी उघडली की ग्रामीण डाकसेवक ‘मु.’ वाचून कोणत्या वाडीला जायचे ते ठरवतो. म्हणजे एकाच पत्त्यातील ही दोन अक्षरे दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन वेगवेगळी माणसे वाचतात. डाकघर नसलेल्या गावाच्या नावाआधी ‘पो.’ लागला की त्यातील पहिल्या माणसाला जे नाव शोधायचे असते ते त्याच्या यादीत सापडत नाही.

गावातली पत्रे तरीही येतात, याचे श्रेय बहुतांशी त्या कर्मचाऱ्याच्या आणि डाकसेवकाच्या ओळखीपाळखीला आहे. वर्षानुवर्षे त्याच भागात काम करणाऱ्या माणसाला कोणते गाव कोणाकडे येते हे पाठ असते आणि चुकलेला पत्ता तो मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. त्याची बदली झाली, नवा माणूस आला, किंवा एकाच नावाची दोन गावे त्या परिसरात असली, की दुरुस्ती करणारे कोणी उरत नाही. लग्नपत्रिका एक दिवस उशिरा आली तर फारसे बिघडत नाही, परंतु बँकेने पाठवलेले कार्ड, मुलाखतीचे बोलावणे किंवा न्यायालयाची नोटीस यांना ‘पत्ता अपुरा’ असा शेरा पडून परत जावे लागले तर नुकसान पत्ता लिहिणाऱ्याचेच होते. आधार, शिधापत्रिका, बँक खाते अशा ठिकाणी एकदा दिलेला पत्ता पुढे अनेक वर्षे आपोआप उतरवला जातो, त्यामुळे तिथे हा भेद विशेष काळजीने पाळावा.

याच प्रश्नाची दुसरी बाजूही सांगायला हवी. गंगापूर रोडवर किंवा इंदिरानगरमध्ये सदनिकेत राहणारी मंडळी आपल्या पत्त्याच्या शेवटी ‘मु. पो. नाशिक’ असे लिहितात तेव्हा ते चूक म्हणता येत नसले तरी निरुपयोगी असते. शहरात एक डाकघर नाही. पंचवटीचा पिनकोड ४२२००३, सातपूरचा ४२२००७, नाशिकरोडचा ४२२१०१ आहे आणि प्रत्येक ठिकाणचे टपाल वेगळे वाटले जाते. शहरी पत्त्यात घर क्रमांक, इमारत, रस्ता, परिसर आणि पिनकोड या क्रमाने लिहिले की पुरते. तिथे मुक्काम आणि पोस्ट सांगण्याची गरज परिसराचे नाव आणि पिनकोड मिळून भागवतात. आडगाव, मखमलाबाद, म्हसरूळ ही गावे आता नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीत आहेत आणि तेथील जुने रहिवासी अजून ‘मु. पो. आडगाव’ असे लिहितात. ती सवय मोडावी असे मला वाटत नाही. गावठाणात गावाचे नाव हीच परिसराची खूण असते, आणि ज्या लिहिण्याने पत्र निश्चित पोचते ते लिहिणे योग्यच आहे.

नाशिककरांना पत्त्याविषयी इतके सविस्तर सांगताना एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. स्वतंत्र भारताचे पहिले टपाल तिकीट, जे २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले, ते आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेले होते. देशभरातील पाकिटांना तिकिटे पुरवणाऱ्या गावाने पाकिटावरचा मजकूरही नीट लिहावा, ही अपेक्षा जास्त नाही.

प्रश्न : आमच्या शाळेच्या दाखल्यावर ‘ता. जि. नाशिक’ असे छापलेले आहे. ‘ता.’ म्हणजे तारीख असेल तर पुढे आकडे का नाहीत, असा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला. शिवाय ‘ता. क.’मधील ‘ता.’ वेगळाच. एकाच अक्षराचे इतके अर्थ असताना वाचणाऱ्याने काय समजावे?
– एक शिक्षिका, नाशिक तालुका

उत्तर : दाखल्यावरील ‘ता. जि. नाशिक’ याचा अर्थ ‘तालुका नाशिक, जिल्हा नाशिक’ असा आहे. तालुक्याचे आणि जिल्ह्याचे नाव एकच असले की ते दोनदा न लिहिता दोन्ही लघुरूपे एका नावामागे लावण्याची पद्धत आहे. सातारा, जळगाव, धुळे या पत्त्यांत वापरली जाणारी रीतही हीच. म्हणजे ‘मु. पो.’ आणि ‘ता. जि.’ या दोन्ही जोड्यांचा नियम एकच ठरतो : एका नावाने दोन्ही गोष्टी सांगितल्या जात असतील तरच त्यांना जोडीने लिहायचे.

तालुक्याचे नाव आणि तालुक्याच्या मुख्य गावाचे नाव एकच असते असे गृहीत धरल्याने होणारी चूक आपल्याच जिल्ह्यात दिसते. सटाणा हे मुख्य ठिकाण, तालुका मात्र बागलाण. त्यामुळे ‘मु. पो. सटाणा, ता. बागलाण, जि. नाशिक, ४२३३०१’ हा नेमका पत्ता झाला. बोलण्यात सगळे ‘सटाणा तालुका’ म्हणतात आणि ते सर्वांना कळतेही, तथापि सरकारी कागदावर ‘ता. बागलाण’ असेच लिहावे. पिनकोडचे पहिले तीन अंक म्हणजे जिल्हा, असेही काही जण धरून चालतात. नाशिक जिल्ह्यातील सिन्नरचा पिनकोड ४२२१०३ आहे आणि सटाण्याचा, मालेगावचा, येवल्याचा ४२३ने सुरू होतो. ते तीन अंक टपाल खात्याच्या छाननीच्या सोयीचे आहेत, महसुली हद्दीचे नाहीत. म्हणून पिनकोड लिहिला तरी ‘ता.’ आणि ‘जि.’ गाळू नयेत.

आता तारखेकडे येऊ. ‘ता. ५ जून’ यातील ‘ता.’ म्हणजे तारीख, आणि पत्राच्या शेवटी सहीनंतर आठवलेला मजकूर ज्याने सुरू होतो त्या ‘ता. क.’मधील ‘ता.’ म्हणजे ताजा, कारण त्याचा विस्तार ‘ताजा कलम’ असा आहे. तिन्ही ठिकाणी अक्षर तेच असले तरी वाचणाऱ्याची गफलत सहसा होत नाही, कारण प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. तारखेच्या ‘ता.’पुढे आकडा येतो, तालुक्याच्या ‘ता.’पुढे तालुक्याचे नाव येते आणि ‘ता. क.’ सहीच्या खाली येतो. गोंधळ होतो तो एकाच ओळीत दोन ‘ता.’ आल्यावर. ‘सभा ता. १२ रोजी ता. दिंडोरी येथे होईल’ असे सूचनाफलकावर लिहिले तर डोळा अडखळतो. तिथे तारखेसाठी ‘दि.’, म्हणजे दिनांक, वापरावा किंवा ‘दिंडोरी तालुक्यात’ असे पूर्ण लिहावे. शासकीय पत्रव्यवहारात आता ‘दि.’ रुळला आहे आणि तालुक्यासाठी ‘ता.’ मोकळा राहतो, हा त्याचा खरा फायदा आहे. विद्यार्थ्यांना शिकवताना तिन्ही अर्थांची वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवलीत तर त्यांना पाठ करावे लागणार नाही.

प्रश्न : गावाच्या नावापुढील ‘बु.’ आणि ‘खु.’ पत्त्यात लिहिलेच पाहिजेत का? बोलताना तर कोणी म्हणत नाही.
– एक वाचक, इगतपुरी तालुका

उत्तर : लिहिलेच पाहिजेत, आणि ‘मु.’पुढे तसेच ‘पो.’पुढे जे जे नाव येईल त्या प्रत्येकाला जोडून लिहावेत. ‘बु.’ म्हणजे बुद्रुक, मूळ फारसी बुजुर्ग, म्हणजे मोठे, ‘खु.’ म्हणजे खुर्द, म्हणजे लहान. एकाच नावाच्या दोन वस्त्यांपैकी कोणती, हे ही अक्षरे सांगतात. आपल्या तालुक्यातील टाकेद बु. हे नाव कागदोपत्री याच रूपात चालते. ‘बु.’ किंवा ‘खु.’ हा गावाच्या नावाचाच भाग असल्यामुळे तो गाळणे म्हणजे अर्धेच नाव लिहिणे होय.

आपल्या जिल्ह्यात नावांची वेगळी ओळख पटवण्याच्या आणखी काही रीती आहेत आणि त्या फार बोलक्या आहेत. नांदूर म्हटले तर निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर की सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोटे? नांदगाव म्हटले तर नांदगाव तालुक्याचे मुख्य गाव की इगतपुरी तालुक्यातील नांदगाव सदो? बेलगाव कुऱ्हे इगतपुरीत आणि बेलगाव ढगा नाशिक तालुक्यात. निफाड तालुक्यातील कसबे सुकेणे आणि मौजे सुकेणे ही जोडी तर नावातच गावाचा जुना दर्जा सांगते : कसबा म्हणजे बाजारपेठेचे गाव आणि मौजे म्हणजे शेतकऱ्यांचे साधे खेडे. पुढे ‘मौजे’ हा शब्द महसुली कागदांत कोणत्याही गावाच्या नावाआधी लागू लागला आणि त्याचे ‘मौ.’ झाले. ‘मौ. टाकेद बु.’ असे सातबाऱ्याच्या संदर्भात दिसले तर तिथे ‘मौ.’ केवळ ‘गाव’ या अर्थाचा असतो. मौजे सुकेण्याच्या बाबतीत मात्र तो नावाचाच भाग आहे. म्हणूनच मौजे सुकेणे, कसबे सुकेणे ही नावे पाकिटावर लघुरूप न करता पूर्ण लिहावीत. ‘सुकेणे’ एवढेच लिहून भागत नाही आणि ‘क.’ हे अक्षर इतके सामान्य आहे की परगावच्या माणसाला त्यावरून काही कळणार नाही.

प्रश्न : वडिलांच्या सातबाऱ्यावर ‘पो. ख.’ असे आहे. त्याचा पोस्टाशी काही संबंध आहे का?
– एक विद्यार्थी, सिन्नर

उत्तर : नाही. तो ‘पोटखराब’ आहे, म्हणजे गटातील लागवडीला न येणारे क्षेत्र. त्याचे वर्ग ‘अ’ आणि वर्ग ‘ब’ असे दोन प्रकार असतात. खडक, नाला अशा कारणाने शेतीला अयोग्य असलेली जमीन ‘अ’मध्ये आणि रस्ता, पाणवठा अशा सार्वजनिक कामासाठी ठेवलेली ‘ब’मध्ये येते. पोलिसांच्या कागदात ‘पो. नि.’ म्हणजे पोलीस निरीक्षक आणि ‘पो. स्टे.’ म्हणजे पोलीस स्टेशन. ‘पो.’चा अर्थ पोस्ट असा फक्त पत्त्यात घ्यावा.

प्रश्न : ‘मु.’ लिहावे की ‘मू.’? ‘जि.’ की ‘जी.’? दुकानांच्या पाट्यांवर दोन्ही दिसतात. आणि टिंब देणे सक्तीचे आहे का?
– एक मुद्रक, पंचवटी

उत्तर : आपल्या व्यवसायात हा प्रश्न रोज येत असणार, म्हणून त्यामागचे तत्त्व सांगतो. मराठीत लघुरूप करताना मूळ शब्दाचे पहिले अक्षर त्याच्या काना-मात्रा-वेलांटी-उकारासह आणि जोडाक्षर असेल तर संपूर्ण जोडाक्षरासह उचलायचे असते. मुक्काममधील ‘मु’ ऱ्हस्व आहे, म्हणून ‘मु.’, जिल्ह्यातील ‘जि’ ऱ्हस्व, म्हणून ‘जि.’, रुपयातील ‘रु’ ऱ्हस्व, म्हणून ‘रु.’, क्रमांकातील ‘क्र’ जोडाक्षर, म्हणून ‘क्र.’, प्राध्यापकाचे ‘प्रा.’ आणि पृष्ठाचे ‘पृ.’. ‘मू.’ आणि ‘जी.’ ही रूपे चूक आहेत. ‘एकटे अक्षर ओढून म्हटले जाते म्हणून दीर्घ’ असे समर्थन कधी कधी ऐकू येते; परंतु लघुरूप हे वाचताना पूर्ण शब्दातच उच्चारायचे असते. पत्ता मोठ्याने वाचणारा कोणीही मराठी माणूस ‘मु पो’ असे म्हणत नाही, तो ‘मुक्काम पोस्ट’ असेच म्हणतो. म्हणून लिहिताना शब्दातील ऱ्हस्वत्व टिकवणे हेच सुसंगत आहे.

टिंब द्यावे. मराठीत ते पूर्णविरामाचेच चिन्ह आहे आणि त्याचे काम इथे ‘शब्द पुढे बाकी आहे’ हे सांगण्याचे आहे. जुन्या कागदांत त्याऐवजी ‘रा० रा०’ असे शून्यासारखे चिन्ह दिसते आणि हिंदीत लाघवचिन्ह म्हणून ते आजही चालते. मराठी छपाईत मात्र टिंबच स्थिरावले आहे. दोन लघुरूपांच्या मध्ये थोडी जागा सोडावी, ‘मु. पो.’ असे, कारण ‘मु.पो.’ असे चिकटून छापले की ते एकच रूप वाटते, आणि पहिल्या प्रश्नातील सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. ओळीच्या अखेरीस ‘मु.’ आणि पुढच्या ओळीच्या आरंभी गावाचे नाव, अशी तोडही होऊ देऊ नये. लघुरूप आणि त्याचे नाव एकाच ओळीत ठेवण्यासाठी संगणकावर न तुटणारी मोकळी जागा देता येते, ती जरूर वापरावी. लग्नपत्रिका छापून घ्यायला येणाऱ्या माणसाला ‘डाकघर तुमच्याच गावात आहे का?’ एवढे एक विचारून घ्याल, तर गावोगावच्या पत्रिकांवरील बरेच पत्ते आपोआप दुरुस्त होतील. हे काम कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा आपल्यासारख्या मुद्रकाच्या हातून अधिक होण्यासारखे आहे.

प्रश्न : मी मूळचा सुरगाणा तालुक्यातील असून कामानिमित्त सातपूरला भाड्याने राहतो. प्रतिज्ञापत्र करताना टंकलेखकाने ‘मूळ रा.’ आणि ‘ह. मु.’ असे दोन पत्ते लिहिले. मी ‘मु. पो.’ लिहा म्हटले, तर त्यांनी ते चालणार नाही असे सांगितले. कारण काय?
– एक कामगार, सातपूर

उत्तर : टंकलेखकाने योग्य तेच केले. ‘रा.’ म्हणजे राहणार आणि ‘ह. मु.’ म्हणजे हल्ली मुक्काम. ‘मु. पो.’ हा पाकिटावरचा पत्ता आहे. तो टपाल कुठे पोचवायचे तेवढे सांगतो. प्रतिज्ञापत्र, खरेदीखत किंवा दावा यांत माणसाची ओळख पटवायची असते आणि शिवाय त्याला नोटीस कुठे बजवायची हेही ठरवायचे असते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार दाव्यात पक्षकारांचे नाव, वर्णन आणि राहण्याचे ठिकाण द्यावे लागते. आपल्या बाबतीत ओळख गावाकडची आहे, कारण जमीन, जातीचा दाखला, नातेवाईक सगळे तिकडे. नोटीस मात्र सातपूरला यायला हवी. म्हणून ‘मूळ रा.’पुढे गाव, ता. सुरगाणा, जि. नाशिक आणि ‘ह. मु.’पुढे सातपूरचे घर क्रमांकासह ठिकाण, असे दोन्ही द्यावे. सातपूरची खोली बदलली तर चालू असलेल्या प्रत्येक प्रकरणात ‘ह. मु.’ बदलून घ्यावा, ‘मूळ रा.’ तसाच राहू द्यावा. गावाकडच्या पत्त्यावर कोणाला पत्र पाठवायचे झाले तर मात्र तिथे ‘मु.’ आणि ‘पो.’ लिहा, आणि आपल्या पाड्याचे डाकघर कोणते ते घरच्यांना विचारून मगच ‘पो.’पुढे नाव घाला.